सुट्टीवर घरी आल्यावर तुम्हाला नेमकं काय वेगळं वाटतं, आणि ते बोलून दाखवता का?

कृष्णाकाठची:

रात्रीचा दीड वाजलाय. सांगलीतलं आमचं घर गाढ झोपलंय आणि माझ्या शरीराच्या हिशोबाने आत्ता कुठे नऊ वाजलेत. झोप येणार नाही, तर विचारूनच टाकते.

मी श्टुटगार्टजवळच्या एका गावात राहते, गिअर बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइनचं काम करते. चुलतभावाच्या लग्नाला तीन आठवड्यांची सुट्टी काढून आलेय. मधली काही वर्षं येणं जमलंच नव्हतं. गर्दी, धूळ, हॉर्न यांच्याबद्दल विचारत नाहीये. उसाच्या हंगामात विश्रामबागहून मिरजेला जाताना दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरच्या मागे अडकलं की सांगली कधी न सोडलेला माणूसही वैतागतो. मला विचारायचंय ते बारक्यासारक्या गोष्टींबद्दल. ज्यांच्यावरून भांडणही करता येत नाही, पण दिवसभर मनात टोचत राहतात अशा.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी मिरजेहून आत्याचा फोन. "आज येते गं तुला बघायला." मी म्हटलं, "ये ना, किती वाजता येशील?" पलीकडे शांतता. मग, "का, कुठं जायचंय का तुला?" मी म्हटलं नाही गं, दुपारी डोळा लागतोय म्हणून विचारलं. आत्या आली, भडंगाची पिशवी घेऊन आली, मला जवळ घेतलं, आणि आईकडे बघून म्हणाली, "आता वेळ घेऊन यायला लागतंय तुझ्या लेकीकडं." हसत म्हणाली, पण म्हणाली. आईने रात्री मला सुनावलं. मला अजूनही वाटतं की प्रश्न साधा होता, त्यात अपमान काही नव्हता.

पण मी कुठून आलेय तेही सांगते. तिकडे ऑफिसातल्या एका बाईने मला घरी जेवायला बोलावलं ते ऑक्टोबरमध्ये, आणि जेवण होतं डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी. संध्याकाळी सात म्हणजे सात. सातला पाच कमी असताना मी खाली रस्त्यावर थांबले होते, तर आणखी एक जोडपं तिथेच गाडीत बसून सात वाजायची वाट बघत होतं. इकडे परवाच्या रविवारी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आमची बेल वाजत होती. एक घर उठलं की दुसरं आत. प्रत्येकाला चहा, आणि प्रत्येक चहाला तेच: कधी आलीस, कधी जाणार, वाळलीस गं, पगार किती.

पगाराचं वेगळंच. आमच्या ऑफिसात शेजारच्या टेबलांवर वर्षानुवर्षं काम केलेली माणसं एकमेकांचा पगार जाणत नाहीत. इथे चुलतभावाच्या सोसायटीच्या वॉचमनने मला तो तोंडावर विचारला. मी आढेवेढे घेत आकडा सांगितला, त्याने तिथल्या तिथे रुपये केले, भुवया उंचावल्या. मग भाडं विचारलं, कर किती कापतात ते विचारलं, मनातल्या मनात वजाबाकी केली आणि म्हणाला, "मग ताई, उरतंय काय?" खरं सांगू, इतक्या सगळ्या लोकांत मुद्द्याचा प्रश्न त्यानेच विचारला.

आता झाडलोट. यावर मला जरा लांब बोलायचंय.

श्टुटगार्टच्या बाजूला केरवोखं नावाचा प्रकार आहे. इमारतीचा जिना, तळघर, दारासमोरचा फुटपाथ, सगळ्याची सफाई राहणाऱ्यांनीच आळीपाळीने करायची. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला एक पाटी लटकते. आठवडा झाला की ती काढून आपण शेजारच्या दाराला अडकवायची. हिवाळ्यात फुटपाथवरचा बर्फसुद्धा त्याच आठवड्याच्या मानकऱ्याने सकाळी काढायचा. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी आहेत, त्या काही बोलत नाहीत, फक्त मी झाडून गेल्यावर त्या कोपऱ्यात बोट फिरवून बघतात. सुरुवातीला मला हे छळ वाटायचं. आता मीच नव्या भाडेकरूच्या कोपऱ्यांकडे बघते.

इकडे आई सहाला उठते. अंगण झाडणार, सडा घालणार, रांगोळी काढणार. आमच्या फाटकाच्या आत जमिनीवर बसून जेवावं इतकं स्वच्छ. आणि खराट्याने ढकलत आणलेला सगळा पाचोळा जातो कुठे, तर फाटकाबाहेर, शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर. तो प्लॉट कुणाचाच नाही. म्हणजे कागदोपत्री असेल कुणाचा तरी, पण झाडलोटीच्या नकाशावर कुणाचा नाही. तिकडे असा कुणाचाच नसलेला तुकडा मला अजून सापडलेला नाही. आईच्या कष्टात कमी काहीच नाही, उलट त्या आजींपेक्षा ती रोज जास्त राबते. फक्त तिची हद्द फाटकाशी संपते.

एके पहाटे जाग आली म्हणून मी खराटा घेतला आणि आमचं झाल्यावर शेजारच्यांच्या फाटकासमोरचंही झाडून टाकलं. शेजारच्या काकू लगबगीने बाहेर आल्या. "काय झालं गं? आमचं काही आलं का तुमच्याकडं?" माझं झाडणं त्यांना तक्रार वाटली! मी म्हटलं नाही काकू, सहज. त्यांचा विश्वास बसलेला नाही. दुपारी त्यांनी वाटीभर खीर पाठवली, ती समेटाची असावी.

पैशांच्या बाबतीत तर मीच मागासलेली ठरले. आमच्या गावातल्या बेकरीत अजून 'दहा युरोच्या खाली कार्ड चालणार नाही' अशी पाटी आहे, म्हणून पर्समध्ये नाण्यांची थैली ठेवायची सवय. इथे गणपती मंदिराबाहेर दुर्वा घेतल्या वीस रुपयांच्या, पाचशेची नोट काढली, तर बाई म्हणाल्या, "सुट्टं न्हाई ताई, स्कॅन करा की." त्यांच्या टोपलीशेजारचा डबा दर मिनिटाला पैसे आल्याचं मोठ्याने सांगत होता. माझ्या फोनमध्ये जर्मन नंबर, त्याला यूपीआय नाही. मागे उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोराने माझे वीस रुपये भरले आणि नोट घ्यायला नकार देऊन निघून गेला.

हॉटेलच्या बिलावरून होणाऱ्या झटापटीबद्दल फार लिहीत नाही. तिकडे वेटर विचारतो, एकत्र की वेगवेगळं, आणि प्रत्येक जण आपल्या सूपचे पैसे देतो. मला ते आवडायला लागलंय. उतरल्यापासून मला कुणी एक रुपया खर्च करू दिलेला नाही आणि त्याचं ओझं वाटतंय. (संडासातल्या जेटबद्दल मात्र माझ्या मातृभूमीला शंभर पैकी शंभर.)

काल आई म्हणाली, "आल्यापासून किती वेळा 'तिकडं' म्हणालीस, मोजू का?" तेव्हापासून तोंड मिटून आहे, म्हणून इथे ओततेय. तुम्ही हे सगळं घरी बोलता का? की सुट्टी संपेपर्यंत गिळता? आणि न सांगता येणाऱ्या पाहुण्यांचं तुम्ही काय करता?

वाळूतला_मालवणी:

शारजाहून. ताई, तुमचं येणं म्हणजे सोहळा असतो, आमचं तसं नाही. विमान तीन तासांचं, घड्याळात फरक दीड तासाचा, त्यामुळे झोपेची सबब आम्हाला मिळत नाही. पोचल्या दिवशी संध्याकाळी मासळी आणायला पिशवी हातात.

आमच्या बाबतीत उलटंच होतं. इथे बिल्डिंगखाली बकाला असतो, म्हणजे आपलं किराणा दुकान, बहुतेक केरळी माणसाचं. फोन केला की रात्री अकरा वाजता तो पाच अंडी आणि एक दही चौथ्या मजल्यावर आणून देतो. असा लाडावलेला माणूस मालवणात दुपारी दोनला साबण घ्यायला जातो आणि दुकान बंद! मालक जेवून झोपलेला. चार वाजता उघडणार. पहिले दोन दिवस चिडतो, तिसऱ्या दिवसापासून मीही त्या वेळेला झोपलेला असतो.

पगार मला कुणी विचारत नाही. आखातात कोण काय कमावतो हे वाडीला आमच्या आधी कळतं. आम्हाला प्रश्न एकच, "कायमचो कधी येतलस?" तुम्हाला तो विचारला तर तुम्ही हसून सोडू शकता, कारण जर्मनीत राहता राहता पासपोर्टही मिळू शकतो. आमचा व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी संपली की सामान बांधायचं. त्यामुळे हा प्रश्न ऐकला की मी खरोखर हिशोब करायला लागतो, आणि घरात घातलेल्या प्रत्येक फरशीकडे बघताना हाच हिशोब चालू असतो.

बोलून दाखवायचं म्हणाल तर आमच्यात तुलना चालतच नाही. वाडीतल्या प्रत्येक तिसऱ्या घरातला कुणीतरी दुबई, मस्कत, दोहा बघून आलाय. 'तिकडे' म्हणालो तर समोरचा म्हणतो, कुठे तिकडे? कुठल्या गल्लीत?

घरचीच_मी:

मी इचलकरंजीची. परदेशात गेले नाही, जाणारही नाही. पण दीर अमेरिकेत, नणंद इंग्लंडमध्ये, त्यामुळे दरवर्षी कुणीतरी येतंच. तुम्ही लोक आल्यावर काय काय बघता ते वाचलं. आता आम्ही काय बघतो ते ऐक.

तुम्ही यायच्या आधी गीझरवाला येऊन जातो. इन्व्हर्टरची बॅटरी बदलली जाते. पाण्याचे जार मागवले जातात, कारण मागच्या वेळी मुलांची पोटं बिघडली होती. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, पण तुम्ही असताना दोन दोन बादल्यांनी अंघोळी व्हाव्यात म्हणून टाकी कशी भरतो ते आम्हाला माहीत. तुम्ही येता, फ्रीज उघडता, आणि सॉसच्या बाटलीवरची तारीख वाचता. बोलत नाही काही. पण वाचता. आम्हाला दिसतं.

नणंदेने एकदा ओला, सुका, प्लास्टिक, कागद असे चार डबे मांडले ओट्याखाली. छान केलं. तिच्या पोरांनी त्यावर चित्रंपण काढली. सकाळी घंटागाडी गाणं वाजवत आली आणि ती डबे घेऊन धावली, तर गाडीवरच्या पोराने तिला सांगितलं, "मॅडम, दोनच करा, ओला आणि सुका. चार कप्पे नाहीत गाडीला." आता आम्ही दोन करतो. ते मात्र तिच्यामुळे सुरू झालं, नाकारत नाही.

आता तुझी आत्या. वेळ विचारलीस यात अपमान नाही, खरंय. पण मिरजेहून विश्रामबागला येणारी बाई वेळ कशी सांगेल? आधी घरातलं उरकणार, मग सून नाहीतर नातू सोडायला मोकळा असेल तेव्हा निघणार, नाहीतर वडापची जीप मिळेल तेव्हा. तिचा दिवस तिच्या हातात नाहीये गं. तुझा आहे, म्हणून तुला आकडा सांगता येतो.

आणि अजून एक. तू तिकडं असताना तुझ्या आईवडिलांकडं कोण येतं, ते विचारून बघ. माझ्या सासऱ्यांना रात्री छातीत कळ आली तेव्हा दीर फोनवर होता, फोनवरच राहिला. समोरच्या घरातले दोघे बनियनवर आले आणि गाडी काढली. त्यांनी यायच्या आधी वेळ विचारली नव्हती. मग हेच दोघे रविवारी सकाळी साडेआठला पोहे खायला येऊन बसतात, तेव्हा मी काय बोलणार? कांदा चिरायला घेते.

रागावू नकोस. झाडलोटीचं तुझं पटलं. आमच्या गल्लीतही असाच एक प्लॉट आहे.

निशिकासाईकर:

तोक्योहून, मूळ डोंबिवलीचा. 'घरचीच_मी' यांचं वाचून गप्प बसायला हवं, पण धागा वर आलाच आहे म्हणून लिहितो.

इथे लोकल ट्रेनमध्ये कुणी फोनवर बोलत नाही. गर्दी आपल्या मध्य रेल्वेइतकीच, आवाज शून्य. सुट्टीवर गेलो, दादरहून संध्याकाळची गाडी पकडली, सुदैवाने बसायला मिळालं. अर्ध्या मिनिटात समोरच्याने हनुवटी उडवून विचारलं, "कुठे?" मी म्हटलं डोंबिवली. त्याने मागच्याला सांगितलं, मागच्याने दाराजवळच्याला. मी उठायच्या आधी तासभर माझ्या जागेचा वारसदार ठरलेला होता, आणि वारसदाराचाही वारसदार. तोक्योत पाच वर्षं रोज एकाच डब्यातून जाणाऱ्या माणसाशी माझं एक वाक्यही झालेलं नाही. तिथे कोण कुठे उतरणार हे कुणाला माहीत नसतं, त्यामुळे जागा रिकामी झाली की ती कुणाची यात निव्वळ नशीब. आपली पद्धत जास्त न्याय्य आहे असं माझं ठाम मत आहे.

दुसरं, कचरा. १९९५ साली भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर इथल्या स्टेशनांवरच्या, रस्त्यांवरच्या कचरापेट्या मोठ्या प्रमाणात काढून टाकल्या गेल्या. त्यामुळे कचरा खिशात घालून घरी नेणं अंगवळणी पडतं. आता डोंबिवलीत आई पँट धुवायला टाकताना खिशातून बिस्किटाचे कागद, तिकिटं, चहाचे चेपलेले कप काढते आणि बाबांना म्हणते, याला तिकडे कुणी बघत नाही वाटतं. मी हे बोलून दाखवत नाही, खिसेच बोलतात.

आणि दुकानात पैसे हातात न देता छोट्या तबकात ठेवायची इथे रीत आहे. डोंबिवलीच्या वाण्याच्या काउंटरवर मी नोट तशीच अलगद ठेवली. तो म्हणाला, "रागावलात का?"

एनआरओ_काका:

भावनिक चर्चा चालू द्या, मी कामाचं सांगतो. बँकेतून निवृत्त झालोय, हे प्रश्न रोज यायचे.

कृष्णाकाठची, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने जानेवारी २०२३ मध्ये परदेशी मोबाइल नंबरवर यूपीआय द्यायला परवानगी दिली, पण निवडक देशांच्या नंबरांनाच. सुरुवातीच्या यादीत १० देश होते: सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, हाँगकाँग, ओमान, कतार, अमेरिका, सौदी अरेबिया, अमिराती, ब्रिटन. जर्मनी त्यात नव्हता. मालवणी बुवांचं काम त्यांच्या शारजाच्या नंबरवर होऊ शकतं, बँकेने सोय दिली असेल तर. खातं एनआरई किंवा एनआरओ हवं, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठीचं.

तुझ्यासाठी सरळ मार्ग म्हणजे भारतीय सिम. एनआरओ खात्याला भारतीय नंबर जोडलेला असेल तर यूपीआय नेहमीसारखं चालतं. नोंदणी करताना त्याच सिमवरून मेसेज जावा लागतो, म्हणून सिम फोनमध्ये हवं. आणि परत गेल्यावर ते सिम ड्रॉवरमध्ये टाकून विसरू नकोस. ९० दिवस काहीच वापर नसेल आणि शिल्लक २० रुपयांच्या खाली असेल तर नंबर बंद होतो, पुढे तो दुसऱ्याला मिळतो, आणि मग तुझ्या बँकेचे ओटीपी त्याच्याकडे. माझ्यासमोर अशी प्रकरणं आलेली आहेत.

जाता जाता, परदेशात नोकरीला गेल्यावर जुनं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ करून घ्यावं लागतं. अर्ध्या लोकांनी केलेलं नसतं. तू केलंयस ना?

कृष्णाकाठची:

काका, खातं एनआरओ केलंय, नंबरची मात्र तीच गत झाली जी तुम्ही वर्णन केलीत. सोमवारी आधार कार्ड घेऊन सिमच्या दुकानात जाणार आहे. तोवर बाबांच्या फोनवरून स्कॅन करते, आणि मी कुठल्या गाड्यावर किती रुपयांची पाणीपुरी खाल्ली त्याचे मेसेज त्यांना येतात. काल त्यांनी विचारलं, "एका दिवसात दोनदा?"

घरचीच_मी, तुमचं तीनदा वाचलं. आज आईला विचारलं, मी नसताना कोण येतं. तिने नावं मोजायला सुरुवात केली ती थांबेचना. आत्या दर संकष्टीला येते, हे मला माहीतच नव्हतं. तरीही मी एका मुद्द्यावर अडून आहे: बाईचा दिवस तिच्या हातात नाही, ही गोष्ट तुम्ही ज्या सहजतेने सांगितलीत, ती मला सहज घेता येत नाही. माझी आई सहाला उठून सडा घालते आणि त्यानंतर दिवसभर जो येईल त्याच्यासाठी चहा ठेवते. ती कधी झोपते दुपारी? मी वेळ विचारत होते ती निम्मी माझ्यासाठी आणि निम्मी तिच्यासाठी. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "माझी काळजी नको, आत्याला फोन कर." केला. उद्या मीच मिरजेला जातेय. कधी येऊ विचारलं नाही. फक्त म्हटलं, येतेय.

निशिकासाईकर, जागेच्या वारसदारावर मी इतक्या जोरात हसले की शेजारच्या खोलीतून खाकरल्याचा आवाज आला.

मालवणी, दुपारी दोन ते चार दुकान बंद ठेवण्याला माझा पूर्ण पाठिंबा. जर्मनीत रविवारी जवळपास सगळीच दुकानं बंद असतात, आणि रविवारी रिकाम्या काचेच्या बाटल्या कुंडात टाकायलाही बंदी, आवाज होतो म्हणून. दुकानदारालाही झोप लागते.

घरचीच_मी:

तुझ्या आईच्या झोपेचं मी लिहायला विसरले नव्हते, टाळलं होतं. तो मुद्दा तुझा. माझ्या सासूबाईही कधी दुपारी आडव्या झाल्या नाहीत, आणि आता मीही होत नाही.

आत्याकडं रिकाम्या हाताने जाऊ नकोस. आणि जाताना भडंग किती किलो नेणार ते आत्ताच सांगून ठेव, नाहीतर प्रत्येक घरातून दोन दोन किलो येईल आणि विमानतळावर बॅग उघडून बसशील. माझ्या दिराचं दरवर्षी होतं.